साइफिनच्या पार्लरमधली हवा

३ मार्च

हुआय साकच्या लोकहो, दर वर्षी हा महिना उजाडला की आपला डोंगर आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो. आपला मका ज्यांच्या कोंबड्यांना खायला जातो ते शहरात गार खोल्यांत बसतात, आणि त्याच मक्याची धाटं जाळल्याचा धूर आपल्या पोरांच्या छातीत साठतो. वर आळ आपल्यावरच, की डोंगरी माणसं अडाणी, अळंबी उगवावी म्हणून रान पेटवतात. पेटवणारे चार असतील, पण खोकतं सगळं गाव. हे किती वर्षं मुकाट सोसायचं?

ही उद्याच्या भाषणाची सुरुवात. गावप्रमुख फो-लुआंग ताव यांची जीभ कर्ण्यापुढे अडखळते, म्हणून शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी गावाशी बोलायचं काम माझ्याकडे आहे. माझा आवाज ओढ्यापलीकडच्या शेवटच्या घरापर्यंत पोचतो. इन्ता नेहमी म्हणतो, "चान, तुला कर्णा कशाला? उगाच विजेची नासाडी."

आज म्हणाला नाही. भाषण वाचून दाखवलं तर नुसती मान हलवली. सदतीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने नुसती मान हलवावी, एवढी मी जुनी झाले असेन.

६ मार्च

शाळेच्या समितीची बैठक. सुट्टी लागली आहे, विषय फक्त छपराचा होता. पण साइफिन आली आणि मध्येच बोलू लागली.

ही माझ्याच हाताखाली शिकलेली. सातचा पाढा कधी आला नाही. शहरात केस कापायचं दुकान चालवलं, नवरा सोडला, आणि गेल्या वर्षी परत येऊन गावाच्या तोंडावर पार्लर थाटलं. आता तिने म्हणे पार्लरच्या खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या आहेत आणि पंख्याच्या पाठीला गाळणीचं कापड बांधलं आहे. आतली हवा स्वच्छ राहते म्हणते. शहरातल्या दवाखान्यात शिकून आली.

"बाई, माझ्याकडे आठ-दहा माणसं मावतात," ती म्हणाली. "शाळेचा हॉल रिकामा आहे, खिडक्यांच्या काचा धड आहेत. समितीच्या अध्यक्ष तुम्ही. तेवढा हॉल द्या."

मी म्हटलं, "साइफिन, घराला आग लागली तर आग विझवायची की पोटमाळ्यावर जाऊन बसायचं?"

"आधी घरातली म्हातारी बाहेर काढायची, बाई. मग विझवायची."

सगळे हसले. फो-लुआंग तर मिआंगची, म्हणजे आंबवलेल्या चहाची पानं चघळता चघळता इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या बैठकीत, माझ्या समोर.

मी हॉल नाकारला. कारण सांगितलं आणि ते खरं आहे. माणसाला एकदा आत बसून बरं वाटायला लागलं की बाहेरच्या धुरासाठी तो भांडत नाही. जाळरेषा झाडायला येत नाही, तालुक्याच्या साहेबाच्या दारात उभा राहत नाही. श्रीमंत देशांत धुराने माणसं मेली तेव्हा तिथे कायदे झाले, खोल्या बांधल्या नाहीत. मी वाचलं आहे.

तरी घरी येईपर्यंत तो हशाच कानात होता.

१० मार्च

आज कर्ण्यावरून म्हटलं, "आपण काय काचेच्या पेटीतले मासे आहोत? माणसाने डोंगराच्या हवेत उभं राहावं, ती हवा नासवणाऱ्याला जाब विचारावा." वाक्य जमलं होतं.

नंतर जाळरेषा झाडायला गेले. वाळलेली पानं लोटून उघड्या मातीचा पट्टा केला की आग तिथे अडते, हे काम दर वर्षी सगळं गाव करतं. आज आलेली माणसं एका भाताच्या टोपलीत जेवली असती. बाकीची कुठे? परतताना बघितलं. पार्लरच्या काचेआड सावल्या हलत होत्या. म्हातारी नोचा, जिला गुडघ्यामुळे देवळात येववत नाही, ती तिथे केस धुऊन घेत होती. लिंबाचा वास रस्त्यापर्यंत. आणि हसणं. आमच्या गावात एवढं हसण्यासारखं काय आहे या दिवसांत?

इन्ता झाडायला आला नाही. म्हणाला, फाळ बसवायचा आहे. पूर्वी आगीच्या अंगावर जाणारा पहिला माणूस तो असायचा. किती उन्हाळे नुसत्या ओल्या फडक्याने तोंड बांधून वणवे विझवले त्याने. मी त्या फडक्यांना भुललेली बाई आहे, हे इथे लिहायला हरकत नाही.

१२ मार्च

इन्ता केस कापून आला. पार्लरमध्ये.

मी म्हटलं, "रोज दारासमोर न्हावी बसतो तो दिसला नाही?"

"तिथे धूळ फार."

"आणि कापलं काय? आहेत किती?"

"जे होते ते," म्हणाला आणि हसला. हसू अर्धंच आलं, पुढे खोकला आला.

१५ मार्च

आठवड्यात दुसऱ्यांदा हजामत. डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नाही.

सगळं नीट लिहून काढते. बोलते तेव्हा राग येतो, लिहिते तेव्हा निदान दिसतं.

तो माझ्याशेजारी झोपत नाही. ओसरीवर खुर्ची टाकतो, पाठीला दोन उशा, आणि बसूनच डोळे मिटतो. विचारलं तर "उकडतं".

बाजारात माझ्याबरोबर चालत नाही. मागे राहतो. मी थांबले की तोही थांबतो, कुणाच्या तरी कुंपणाला हात टेकून दुसरीकडे बघतो, जणू आम्ही एकमेकांचे कुणी नाही.

त्याची बासरी भिंतीला टांगलेली आहे. परवा शेजारच्या चाओ-मुनच्या घरी गाणं होतं, बोलावणं आलं, तो म्हणाला सूर हरवला. सूर कसा हरवेल?

आणि आज धुवायच्या कपड्यांत त्याचा पांढरा सदरा. कॉलरवर आणि खिशाच्या रुमालावर तांबूस-तपकिरी डाग. केसांना लावतात त्या रंगाचा. साइफिनचे केस त्याच रंगाचे आहेत. डाग राखेने घासला, गेला नाही. पुन्हा घासला.

मी सहासष्टची. ती पंचेचाळिशीची. कायदे, करार, मक्याचे भाव, सगळं मला समजावून सांगता येतं. हे कुणाला सांगू?

१९ मार्च

आज गेलेच. पार्लरचं दार ढकललं तर आतून एकदम चार आवाज, "दार, बाई, दार लावा." माझ्या अंगावर कुणी असं ओरडलं नव्हतं आजवर.

आत पंख्याची घरघर, बाकड्यावर दाटीवाटीने म्हाताऱ्या, कडेला दिवस भरत आलेली चाओ-मुनची सून. आणि आरशासमोरच्या खुर्चीत इन्ता. गळ्याभोवती टॉवेल, मान मागे, डोळे मिटलेले. त्याच्या चेहऱ्यावर अशी शांतता मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. घरी तो चेहरा आवळून बसतो.

"काकांची दाढी चालली आहे," साइफिन म्हणाली.

गालावर साबण नव्हता. हातात वस्तराही नव्हता तिच्या.

इन्ताने डोळे उघडले. "चान, आलीस? बस ना थोडी. बरं वाटतं इथे."

"मी काचेच्या पेटीतली नाही," मी म्हटलं.

म्हातारी नोचा म्हणाली, "अगं बाई, मासे निदान खोकत तरी नाहीत." आणि पुन्हा तेच हसणं. इन्ता हसला नाही. तो माझ्याकडे बघत होता, पोराने चोरी पकडली गेल्यावर बघावं तसा.

मी बाहेर पडले आणि सावकाश चालले. तो मागून येईल म्हणून. घरापर्यंत सावकाश चालले.

२१ मार्च

ठरवलं. डोंगराचा आयुष्यविधी करायचा. माणूस आजारी पडला की आपण तीन खांब एकत्र बांधून उभे करतो, भिक्षूंना बोलावतो, दोरा धरतो आणि त्याचं आयुष्य वाढावं म्हणून मंत्र म्हणतो. मग आपला डोंगर आजारी आहे तर त्याचा का नाही? शाळेच्या मैदानात, डोंगराकडे तोंड करून, सगळं गाव एका दोऱ्यात. तालुक्याचा साहेब, वार्ताहर, सगळ्यांना बोलावते. मध्ये माझं भाषण.

खरं लिहायचं तर डोंगर हे कारण आहेच. दुसरं कारण, त्या दिवशी पार्लर रिकामं दिसेल.

२२ मार्च

साइफिन घरी आली. पायऱ्या चढून वर आली नाही, खालीच उभी राहिली, तोंडावर मुखपट्टी.

"बाई, हवेचा झेंडा लाल आहे, म्हणजे हवा सगळ्यात वाईट. परवाही लालच असणार. म्हाताऱ्यांना उघड्यावर बसवू नका. वर उदबत्त्या, मेणबत्त्या. विधी हॉलमध्ये करा, मी पंखे लावून देते."

"डोंगर हॉलमध्ये येणार आहे का?"

"डोंगर कुठे जात नाही, बाई. तो पावसात पुन्हा दिसेल. माणसांचं तसं नाही. आणि काकांना तर..." ती थांबली.

"काकांना काय?"

"काही नाही. तुम्हीच विचारा त्यांना."

माझ्या नवऱ्याला काय विचारायचं ते आता ही सांगणार. मी विचारलं नाही. इन्ता आत होता, त्याने ऐकलं असणार. जेवताना भाताचा घास चटणीत बुडवून हातात तसाच धरून बसला होता. मग म्हणाला, "खांब मीच रोवणार. दर वेळी मीच रोवतो."

"नसेल जमत तर राहू दे," मी म्हटलं. टोमणा होता, पार्लरच्या वेळा सांभाळायच्या असतील म्हणून.

"तुझं भाषण आहे," तो म्हणाला. "मी नाही आलो तर लोक काय म्हणतील?"

२५ मार्च

लिहायला आज बसते आहे. विधी काल झाला, रात्र इस्पितळात गेली.

मैदान भरलं होतं. पार्लर रिकामं होतं, मी मुद्दाम वळून बघितलं. सूर्य तांब्याच्या जुन्या नाण्यासारखा, डोंगर नाहीच. भिक्षू आले, साहेब आला. इन्ताने खांब रोवले. प्रत्येक खांबानंतर त्याला टेकून उभा राहिला. मला वाटलं, साइफिनला शोधतो आहे. ती मागच्या रांगेत होती, त्याच्या जवळच. ते मी टिपलं.

पांढरा दोरा खांबांवरून निघाला आणि एकेकाच्या डोक्याला वेढा घेत शेवटच्या माणसापर्यंत गेला. सगळं गाव एका दोऱ्यात, मला हवं होतं तसं. मी बोलायला उभी राहिले. आवाज असा लागला की साहेबाने फोन खिशात ठेवला. मी म्हणत होते, "या डोंगराने आपल्याला पाणी दिलं, सावली दिली, आणि आपण..." तेवढ्यात दोरा ताणला गेला. माझ्या कपाळावर रुतला. सगळ्यांच्या माना एकदम मागे ओढल्या गेल्या.

मला वाटलं, इन्ता उठला. माझ्या भाषणाच्या मध्यात, सगळ्या गावादेखत, उठून तिच्याकडे चालला.

मी तिकडे न बघता बोलत राहिले. पुढचं वाक्य पूर्ण म्हटलं. ते जमलेलं वाक्य होतं.

मग साइफिनने दोरा दातांनी तोडला आणि ओरडली, "बाई, बस करा." तेव्हा मी बघितलं. तो उठला नव्हता. पडला होता. ओठ जांभळाच्या रंगाचे, छाती भात्यासारखी वर-खाली, आणि नाकातून रक्त पांढऱ्या सदऱ्याच्या कॉलरवर.

त्याच जागी. वाळलं की त्याच रंगाचं.

चौघांनी उचलून त्याला पार्लरमध्ये नेलं. दाराशी मी अडखळले तर आतून कुणी ओरडलं नाही. साइफिनने फक्त मला आत ओढलं आणि दार लावलं. गाडी येईपर्यंत तो त्याच खुर्चीत बसून श्वास घेत होता, तिच्या पंख्यासमोर. मी त्याचा हात धरला होता. त्याचा दुसरा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. तिथलं रेक्झिन दबलेलं होतं, एकाच माणसाने रोज घट्ट धरल्यासारखं.

२६ मार्च

इस्पितळ. नाकाशी नळी, पण रंग परत आला आहे. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसं जुन्या वणव्यांनी आधीच करपलेली होती, या धुराने हद्द केली. महिनोन्महिने दम लागत असणार, आडवं झोपवत नसणार. "तुमच्या लक्षात आलं नाही?" डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा.

बाहेर बाकावर साइफिन बसली होती. तिने माझ्यासाठी केळीच्या पानात भात आणला होता. मी तो हातात घेतला नाही.

"तुला त्याने सांगितलं आणि मला नाही," मी म्हटलं.

"सांगितलं नाही, बाई. पहिल्या दिवशी केस कापताना पाठीला हात लागला. पाठ हलत होती, धावून आल्यासारखी. मी विचारलं तर म्हणाले, चान्फोंगला सांगशील तर पुन्हा येणार नाही. मी गप्प बसले. ते आले नसते तर गेले असते."

"मला का नाही?"

"कर्ण्यावरून तुम्ही सांगत होतात, आत बसणारे भित्रे. गावाने म्हटलं असतं, बाईंचाच नवरा आत बसतो."

तिने भात बाकावर ठेवला. मग ती म्हणाली, "सकाळी तुमचं भाषण लागलं की काका म्हणायचे, जरा दार उघड, ऐकू दे. मी म्हणायची, काका, धूर येतो. तरी उघडायला लावायचे. तुमचं संपेपर्यंत उघडं ठेवायचे. नोचा मावशी शिव्या द्यायच्या."

हे तिने मला सांगायची गरज नव्हती. सांगितलं आणि मला तिचा आणखी राग आला. सदतीस वर्षं त्या पाठीला माझा हात लागतो आहे. एका हजामतीत तिच्या हाताला जे कळलं ते माझ्या हाताला कळलं नाही. तिने डाग टॉवेलने पुसले, मी राखेने घासले. डाग तर आम्ही दोघींनी एकच बघितला.

इन्ता जागा झाला तेव्हा पहिलं वाक्य, "तुझं भाषण अर्धं राहिलं."

"राहू दे."

"साहेब ऐकत होता. मी बघत होतो." दम घेतला. "थोडा वेळ अजून बसता आलं असतं तर..."

"बोलू नकोस."

"मग तू बोल," तो म्हणाला.

मी त्याच्या पाठीला दुसरी उशी लावली.

२८ मार्च

डॉक्टर सोडायला तयार आहेत, पण धुराच्या घरात नाही म्हणतात. खाटांची रांग लागली आहे, गावोगावची माणसं येत आहेत. आमचं घर सागाच्या फळ्यांचं, फटीफटीतून डोंगर दिसतो, म्हणून तर आवडीने बांधलं. साइफिनच्या पार्लरमध्ये आडवं व्हायला जागा नाही. तिथे काल चाओ-मुनची सून दिवसभर उभी होती.

दुपारी शाळेचा हॉल उघडून आले. एकटी. बाकं भिंतीला लावली. काचा धड आहेत, ती म्हणत होती ते खरं. गाळणीचं कापड तिच्याकडे गुंडाळीभर आहे, कमी आहेत ते पंखे.

अजूनही वाटतं, हॉल मी आधी दिला असता आणि तो तिच्या नावाने चालला असता, तर मला झोप लागली नसती. आता तरी कुठे लागते. ओसरीवरच्या खुर्चीत बसून बघितलं काल, पाठीला दोन उशा लावून. तो असा बसून काय बघत असेल ते दिसलं. समोर माझी खाट दिसते.

उद्याचं लिहून ठेवते. तिचं नाव घ्यावं लागेल. दोनदा खोडलं. ठेवते.

हुआय साकच्या लोकहो, मी चान्फोंग बोलते आहे. ज्यांच्यामुळे हा धूर आहे त्यांना मी सोडलेलं नाही, त्यांच्याशी पावसाळ्यातही भांडेन. पण भांडायला माणसं जिवंत लागतात. माझा नवरा इस्पितळात आहे, त्याला आणायला या गावात एक खोली नाही. तुमच्या घरातही कुणी बसून झोपत असेल, कुणी मागे राहत असेल, कुणाच्या रुमालावर डाग असेल. त्याला विचारा. शाळेचा हॉल उघडा केला आहे. तो कसा बंद करायचा हे साइफिनला कळतं, तिचं ऐका, मीही ऐकणार आहे. तिला पंखे हवेत. उकाडा आहे, घरातला पंखा काढणं जिवावर येतं, म्हणून पंख्यामागून तुम्हीही घरातल्या म्हाताऱ्यांना घेऊन या. माझं बोलणं इथे थांबवते. चुलीवरचा भात उतरवा, भिंतीतली पंख्याची पिन काढा, आणि तुमच्या घरातला पंखा आत्ता शाळेत आणून द्या.